मुरमे किती आणि मनस्ताप किती: उपचाराची पायरी कशी ठरते

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी आणि तिची मैत्रीण, दोघी एकाच वर्गात, दोघींना मुरमे. मुलीच्या कपाळावर आणि गालांवर मुरमे पाहताक्षणी जाणवतात, तरी तिला रात्री लावायचे मलम तेवढे लिहून दिले गेले. मैत्रिणीच्या हनुवटीवर मोजून आठ-दहा पुटकुळ्या आहेत, पण तिला काही महिने घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू झाल्या. उपचार मुरमांच्या संख्येवर ठरत नसतील तर कशावर ठरतात, आणि जी जास्त रडते तिला जास्त जोराचे औषध असा हा हिशेब आहे का, असे त्यांचे विचारणे आहे.

दोघींनाही न तपासता कोणत्या डॉक्टरांचे चुकले हे सांगणे योग्य नाही. मात्र हे दोन्ही निर्णय एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि ते कसे हे समजून घेण्यासाठी आम्ही त्वचारोगतज्ज्ञ तपासणीच्या खोलीत नेमके काय मोजतो हे आधी पाहावे लागेल.

मुरूम हा केसाच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीचा आजार आहे. ग्रंथीतून तेल जास्त पाझरते, केसाच्या नळीच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात आणि दाह सुरू होतो. बुचाचे तोंड उघडे असेल तर काळ्या टोकाचा ब्लॅकहेड दिसतो, बंद असेल तर व्हाइटहेड; दाह वाढला की लाल पुटकुळी उठते, तिच्यात पू धरतो, आणि तोच दाह त्वचेच्या खोल थरात उतरला की बोटाला लागणारी दुखरी गाठ होते. तीव्रता ठरवताना संख्येइतकेच महत्त्व या खोलीला असते. पन्नास ब्लॅकहेड असलेला चेहरा ओबडधोबड दिसेल, पण कायमचे खड्डे पडण्याचा धोका चार खोल गाठी असलेल्या चेहऱ्याला जास्त. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ही रेषा आकड्यांत आखलेली आहे: दाह असलेल्या पुटकुळ्या ३५ किंवा अधिक, अथवा गाठी ३ किंवा अधिक असतील तर मुरमे मध्यम ते तीव्र धरावीत. १९९७ साली मांडलेली आणि ‘गॅग्स’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी दुसरी एक मोजपट्टी तर पुटकुळ्या मोजतच नाही. ती चेहरा, छाती आणि पाठ यांचे सहा भाग करते, प्रत्येक भागात सर्वांत वाईट मुरूम कोणत्या प्रकारचे आहे तेवढे पाहते आणि त्यावरून ४४ पैकी गुण देते. तेव्हा मुलीच्या चेहऱ्यावरची गर्दी बहुतांशी ब्लॅकहेड आणि व्हाइटहेडची असेल तर ती पाहताक्षणी जेवढी वाटते तेवढी तीव्र नसते, आणि अशा मुरमांवर ॲडापालीनसारखे मलम हेच पहिले आणि योग्य औषध असते.

या मोजपट्ट्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्या त्या दिवशीच्या चेहऱ्याचे मोजमाप करतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर उठणाऱ्या आणि तपासणीच्या दिवशी बसलेल्या गाठी त्यांना दिसत नाहीत; मागे राहिलेले डाग आणि खड्डे मुरूम म्हणून मोजले जात नाहीत; आणि रुग्णाने सदरा काढला नाही तर पाठ आणि छाती कागदावर स्वच्छच राहतात. मी नवा असताना एका मुलाचा चेहरा पाहून ‘सौम्य’ असे लिहून मोकळा झालो होतो. तो उठताना त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर रक्ताचे वाळलेले ठिपके दिसले, तेव्हा कुठे त्याची पाठ पाहिली. त्यानंतर पाठ पाहिल्याशिवाय मी तीव्रतेचा रकाना भरत नाही.

दुसरे मोजमाप रुग्णाच्या जगण्याचे आहे, आणि ते सांत्वनापुरते नसते. १९९९ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात मुरमांच्या रुग्णांनी सांगितलेला मानसिक आणि सामाजिक त्रास हा दमा, अपस्मार, मधुमेह, पाठदुखी आणि संधिवात यांच्या रुग्णांनी सांगितलेल्या त्रासाच्या तोडीचा निघाला होता. हा त्रास मोजण्यासाठी प्रश्नावल्या आहेत. १९९४ पासून वापरात असलेली डीएलक्यूआय ही दहा प्रश्नांची प्रश्नावली गेल्या एका आठवड्यात त्वचेमुळे काय काय अडले ते विचारते. तिचे गुण ३० पर्यंत जातात आणि १० च्या पुढचा आकडा म्हणजे जगण्यावर फार मोठा परिणाम असे धरतात. केवळ मुरमांसाठी कार्डिफ येथे तयार झालेली प्रश्नावली त्याहून आटोपशीर, पाच प्रश्नांची आहे. रुग्ण बाहेर थांबलेला असतानाच ती भरून होते.

अडचण अशी, की ही दोन मोजमापे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. पाठभर गाठी असलेला मुलगा प्रश्नावलीत शून्याच्या जवळपास राहतो आणि चार पुटकुळ्या असलेली मुलगी वीसच्या वर जाते, हे नेहमीच घडते. मग निर्णय कोणत्या आकड्यावर घ्यायचा? अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या ॲकॅडमीने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. मुरमांमुळे मानसिक-सामाजिक ओझे मोठे असेल किंवा व्रण पडत असतील, तर पुटकुळ्यांची संख्या काहीही असो, त्या रुग्णाची मुरमे तीव्र समजावीत आणि आयसोट्रेटिनॉइनचा विचार करावा, असे त्या सांगतात. मैत्रिणीच्या गोळ्यांना शास्त्राचा आधार आहे तो इथे.

तरीही ‘त्रास जास्त म्हणून औषध जास्त’ असा सरळ हिशेब मी मांडत नाही. त्रास किती आहे याच्या आधी तो कशाचा आहे हे कळावे लागते, कारण औषध चढवून फायदा तेव्हाच होतो जेव्हा त्रासाचे कारण त्या औषधाच्या आवाक्यात असते. यासाठी माझी पद्धत अगदी साधी आहे. मी रुग्णाच्या हातात आरसा देतो, त्याला खिडकीकडे तोंड करून बसवतो आणि म्हणतो, “सगळ्यात जास्त जे खुपतंय, त्यावर बोट ठेवा.” मग काही न बोलता ते बोट कुठे टेकते ते पाहत राहतो.

बोट ताज्या, लाल पुटकुळीवर किंवा गाठीवर टेकले तर प्रश्न सर्वांत सोपा. त्रास चालू आजाराचा आहे आणि चालू आजारावर आपल्याकडे उत्तम औषधे आहेत. अशा वेळी संख्या कमी असली तरी मी पायरी चढायला कचरत नाही, विशेषतः आधीचे मलम दोन-तीन महिने नीट वापरून झालेले असेल तर.

पुष्कळदा बोट डागावर टेकते. सावळ्या आणि काळ्या त्वचेत मुरूम आठवडाभरात बसते आणि त्याचा तपकिरी डाग कित्येक महिने राहतो. रुग्णाच्या लेखी आजार म्हणजे तो डागच. इथे तीव्रतेची मोजपट्टी ‘सौम्य’ म्हणते, प्रश्नावली ‘फार मोठा परिणाम’ म्हणते आणि दोन्ही खरे असतात. पण आयसोट्रेटिनॉइन हे डाग पुसण्याचे औषध नव्हे. नवी पुटकुळी उठत नसेल तर केवळ डागांसाठी ते देणे म्हणजे रुग्णाला दुष्परिणामांचे ओझे देऊन अपेक्षाभंगाची तयारी करणे होय. त्यापेक्षा ॲझेलेइक ॲसिड किंवा ॲडापालीन ही मलमे मुरूम आणि डाग दोन्हींवर काम करतात, आणि त्यांच्या जोडीला रोज सकाळी सनस्क्रीन लावावे लागते. डाग चालू मुरमांतून सतत नवे पडत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे मुरमे लवकर आणि पूर्ण थांबवणे हाच डागांवरचा पहिला उपाय ठरतो. याच टप्प्यावर अनेक जण कुणीतरी सुचवलेले गोरेपणाचे मलम लावायला लागतात. त्यात स्टिरॉइड असेल तर पहिले काही आठवडे चेहरा खुलल्यासारखा वाटतो आणि पुढे एकसारख्या लाल पुटकुळ्यांचे पीक येते. म्हणून घरातली प्रत्येक ट्यूब घेऊन या, असे मी पहिल्याच भेटीत सांगतो.

बोट खड्ड्यावर टेकले तर घाई करावी लागते. खड्डा म्हणजे त्वचेच्या आतील आधाराची कायमची झीज, आणि एकदा पडलेला खड्डा कोणत्याही मलमाने किंवा गोळीने पूर्ण भरत नाही. मायक्रोनीडलिंग, लेसर, सबसिजन अशा प्रक्रियांनी तो उथळ होतो, नाहीसा होत नाही. दिवा बाजूने धरला आणि गालाची त्वचा दोन बोटांनी हलकेच ताणली की समोरून न दिसणारे बारीक खड्डे दिसू लागतात. आठ-दहाच पुटकुळ्या असलेल्या चेहऱ्यावर असे ताजे खड्डे दिसले तर माझ्या लेखी ती तीव्र मुरमे आहेत. त्या मैत्रिणीच्या डॉक्टरांनी कदाचित हेच पाहिले असेल.

आणि कधी कधी बोट कुठेच टेकत नाही. ते गालावरून फिरत राहते, किंवा अशा जागी थांबते जिथे मला भिंगातूनही काही दिसत नाही. रुग्ण सांगतो, की दिवसातले तीन-चार तास आरशासमोर जातात, फोनमधील जुने फोटो मोठे करून पाहिले जातात, ठरावीक दिव्याखाली बसणे टाळले जाते, आणि याआधीच्या तीन-चार डॉक्टरांपैकी एकाच्याही औषधाने समाधान झालेले नसते. इथे देहप्रतिमेच्या विकाराची, म्हणजे नसलेला किंवा किरकोळ दोष मनात ठाण मांडून बसण्याच्या मानसिक आजाराची, शक्यता ध्यानात घ्यावी लागते. प्रश्नावलीतले गुण अशा रुग्णाचे सर्वांत जास्त असतात, आणि नेमके इथेच जोराचे औषध सर्वांत कमी उपयोगी पडते, कारण पुटकुळी गेली तरी नजर दुसऱ्या छिद्रावर जाऊन बसते. अशा रुग्णाला “तुम्हाला काही झालेले नाही” असे सांगणे चुकीचे आणि निष्ठुरही आहे. त्याला होणारा त्रास खराच आहे आणि त्याचे उपचार मानसोपचारतज्ज्ञांकडे आहेत. त्वचेसाठी साधे मलम चालू ठेवून त्यांच्याशी भेट घडवून देणे हे आमचे काम. सतत नखाने मुरमे कोरणाऱ्या रुग्णांचेही थोडेफार असेच. पुटकुळी तांदळाच्या दाण्याएवढी, पण तिच्या जागी झालेली जखम वाटाण्याएवढी, असे दिसले की औषधाचा विचार करतानाच हाताचाही विचार करावा लागतो.

उलट बाजूचा रुग्ण बहुधा मुलगा असतो, आणि त्याला आणलेले असते. पाठीवर, खांद्यांवर गाठी, काहींमधून पू येतो, आणि विचारले तर उत्तर एकच: “मला काही त्रास नाही.” त्याच्या प्रश्नावलीतील शून्य प्रमाण मानून मलमावर भागवले तर दोन वर्षांनी खड्डे दिसतात, आणि तेव्हा मात्र त्रास होतो. इथे त्वचेचा आकडाच निर्णय घेतो. शिवाय ‘त्रास नाही’ याचा अर्थ अनेकदा ‘याबद्दल मला बोलायचे नाही’ असा असतो. त्रास होतो का असे न विचारता मी विचारतो, की पोहायला जातोस का, पांढरा सदरा घालतोस का, फोटोत कुठे उभा राहतोस. उत्तरे लगेच बदलतात. आई-वडिलांना पाच मिनिटे बाहेर बसवले तर आणखी बदलतात. त्यातही गाठी अचानक फुटून जखमा झाल्या असतील आणि ताप, सांधेदुखी सोबत असेल तर तो वेगळाच, तातडीचा आजार असतो. त्यात आधी दाह आवरण्यासाठी तोंडावाटे स्टिरॉइड दिले जाते आणि आयसोट्रेटिनॉइन मागाहून, कमी मात्रेत सुरू होते.

आता ज्या गोळीवरून हा प्रश्न उभा राहिला तिच्याविषयी. आयसोट्रेटिनॉइन १९८२ पासून वापरात आहे. ते तेलग्रंथी आक्रसवते, त्यामुळे मुरमांच्या मुळावर घाव बसतो. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम अशी मात्रा, आणि सगळी मिळून किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम पोटात जाईपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा महिने किंवा अधिक, ते देण्याची रूढ पद्धत आहे. ओठ जवळजवळ प्रत्येकाचे फुटतात. यकृत आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) यांच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि मुरमांसाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू असेल तर ते बंद करावे लागते, कारण दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. सर्वांत गंभीर बाब गर्भाची आहे: या औषधाने गर्भात मोठे व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून औषध चालू असताना आणि बंद केल्यानंतर एक महिना गर्भधारणा होता कामा नये. हे मुलीला, तिच्या वयाला साजेशा शब्दांत पण आडपडदा न ठेवता, सांगणे हा उपचाराचा भाग आहे.

मनस्तापामुळे ही गोळी द्यायची तर तीच गोळी मन बिघडवत नाही का, हा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि तो योग्यच आहे. या औषधावर असताना मनःस्थिती खालावल्याच्या तुरळक घटना नोंदलेल्या आहेत आणि त्या मी गांभीर्याने घेतो. मात्र अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत, एकूण रुग्णांचा विचार करता, नैराश्याचा धोका वाढलेला आढळला नाही. उपचारांनंतर नैराश्याचे गुण खाली आलेले दिसले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण औषध सुरू होण्याच्या आधीपासूनच चढत गेलेले होते आणि औषध संपल्यानंतरचे सहा महिनेही जोखमीचे होते. ब्रिटनमधील नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात मुरमांचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षी नैराश्याचा धोका मुरमे नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे जोखीम बरीचशी आजाराबरोबरच चालत येते, आणि उपचार टाळल्याने ती टळत नाही. दुसरीकडे, ब्रिटनने २०२३ साली १८ वर्षांखालील रुग्णाला हे औषध सुरू करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांची संमती लागेल असा नियम केला होता. मला तो थोडा अवजड वाटला. पण त्यामुळे सुरुवातीला मनःस्थितीची चौकशी करणे सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले.

ती चौकशी मी स्पष्ट शब्दांत करतो: झोप कशी आहे, शाळा-कॉलेज बुडते का, मित्रांचे फोन घेणे बंद झाले आहे का, आणि जगणे नकोसे वाटले आहे का. शेवटचा प्रश्न विचारल्याने तसा विचार कुणाच्या डोक्यात घातला जात नाही. विचारले म्हणून सुटल्यासारखे वाटणारे रुग्ण मी अनेक पाहिले आहेत. उत्तर ‘हो’ आले तर त्या दिवशी मुरमांचा विषय मागे पडतो आणि मानसोपचारतज्ज्ञांना तिथूनच फोन जातो. आधीपासून नैराश्याचे उपचार चालू असलेल्या व्यक्तीला आयसोट्रेटिनॉइन कधीच देता येत नाही, हा मात्र गैरसमज आहे. मन स्थिर असेल, उपचार करणारे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलत असतील आणि घरातले एखादे माणूस लक्ष ठेवणार असेल, तर कमी मात्रेने सुरुवात करून ते देता येते.

मनःस्थितीचा परिणाम फक्त मोठ्या गोळ्यांच्या निर्णयावर होतो असेही नाही. मलमांच्या उपचारात तो अधिकच होतो, पण त्याची दखल कुणी घेत नाही. ॲडापालीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडचा खरा परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा कोरडा, लाल होतो, सोलतो. आधीच चेहरा लपवून फिरणाऱ्या मुलीला हे आठवडे असह्य होतात आणि ती मलम सोडून देते. मग केसपेपरवर ‘मलमाने फरक नाही’ अशी नोंद होते, जी खरी नसते. अशा रुग्णाला मी एक दिवसाआड, वाटाण्याएवढे मलम संपूर्ण चेहऱ्याला, मॉइश्चरायझरवर लावायला सांगतो. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणे जड जाते त्याला चार वस्तूंचा सकाळ-संध्याकाळचा क्रम लिहून देण्यात अर्थ नसतो. दोन औषधे एकत्र असलेली एकच ट्यूब, दिवसातून एकदा, एवढेच त्याच्याने होणार असेल तर तेच सर्वोत्तम औषध. तोंडावाटे डॉक्सिसायक्लिन घ्यायचे ठरले तर तेही साधारण तीन महिन्यांपुरते आणि सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड लावूनच, नाहीतर जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. प्रौढ स्त्रियांमध्ये हनुवटीवर दर महिन्याला गाठी येत असतील आणि पाळी अनियमित असेल तर संप्रेरकांवर काम करणारी औषधे, उदाहरणार्थ स्पायरोनोलॅक्टोन, अनेकदा आयसोट्रेटिनॉइनच्या आधी विचारात घेतली जातात.

पुन्हा त्या दोघींकडे. मैत्रिणीला गोळ्या मिळाल्या त्या तिच्या रडण्यामुळे असतीलच असे नाही. बाजूने धरलेल्या दिव्यात दिसलेला एखादा ताजा खड्डा, आधी वापरून झालेली मलमे, किंवा शाळेत जाणे टाळण्यापर्यंत गेलेली गोष्ट, यांपैकी काहीही पुरेसे कारण असू शकते, आणि ते विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या मुलीचे मलम मात्र १२ आठवडे नेमाने चालू ठेवावे. पुढच्या भेटीला जाताना तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्यावे, आणि पाठीवर काही असेल तर ते दाखवायला सांगावे. मधल्या काळात नवी दुखरी गाठ आली, खड्डा पडतोय असे वाटले, किंवा ती घराबाहेर पडायचे टाळू लागली, तर १२ आठवडे पूर्ण होण्याची वाट न पाहता लगेच जावे; त्या दिवशी तिचीही मुरमे नव्याने मोजावी लागतील.